मित्रांसोबतचा रोलप्ले पॉडकास्ट आणि सगळ्यांनी मिळून रचलेलं जग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रकार नेमका काय? नभोनाट्यापेक्षा वेगळं काय आहे यात?

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर, म्हणजे जीएम. प्रसंग तो मांडतो आणि वाटेत भेटणाऱ्या सोम्यागोम्यापासून राजापर्यंत सगळ्यांच्या तोंडून तोच बोलतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एकेक पात्र. पात्र काय करतंय ते खेळाडू बोलून सांगतो आणि निकाल कसाही लागू शकेल अशा ठिकाणी फासे टाकतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (पुढे डी अँड डी) १९७४ साली अमेरिकेत आलं, तेव्हापासूनचा हा साचा. असा खेळ रेकॉर्ड करून लोकांना ऐकवायचा, याला 'अ‍ॅक्चुअल प्ले' म्हणतात.

नभोनाट्यात संहिता आधी लिहिलेली असते. इथे ती नसते. पुढे काय होणार हे सांगणाऱ्यालाही माहीत नसतं आणि श्रोता तेवढ्यासाठीच ऐकत असतो. म्हणून एक नियम पहिल्या दिवशीच ठरवा: पडलेलं दान परत टाकायचं नाही. आवडतं पात्र मेलं म्हणून पुन्हा रेकॉर्ड केलं, तर हाती उरतं ते संहिता नसलेलं, म्हणजे वाईट नभोनाट्य.

आधी काय ऐकावं?

पुढचे सगळे इंग्रजीत आहेत आणि प्रत्येकाकडून शिकायची गोष्ट वेगळी आहे.

'क्रिटिकल रोल' मार्च २०१५ मध्ये थेट प्रक्षेपणाने सुरू झालं. खेळाडू व्यावसायिक आवाज-कलाकार, पहिल्या तीन मोहिमांचा जीएम मॅथ्यू मर्सर, एकेक भाग तीन-चार तासांचा. त्याआधी त्यांचा तोच खेळ घरी, कॅमेऱ्याशिवाय, काही वर्षं चालू होता. त्यामुळे पहिल्याच भागात पात्रं एकमेकांना मुरलेली वाटतात. नव्या गटाने त्याच्याशी स्वतःची तुलना करू नये.

'दि अ‍ॅडव्हेंचर झोन' २०१४ चं: तीन मॅकेलरॉय भाऊ आणि त्यांचे वडील. सुरुवात डी अँड डीच्या नवशिक्यांसाठीच्या पेटीतल्या छापील मोहिमेने झाली आणि हळूहळू ते स्वतःच्या जगात शिरले. घरचीच माणसं, एकमेकांची टर उडवणं आणि कडक एडिटिंग यावर किती लांब जाता येतं, ते यात कळतं.

'डायमेन्शन २०' हे २०१८ पासूनचं. जीएम बहुतेक वेळा ब्रेनन ली मलिगन. आटोपशीर मोसम कसा बांधावा ते इथे बघा.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा मात्र 'फ्रेंड्स अ‍ॅट द टेबल', ऑस्टिन वॉकर यांचा, २०१४ पासून. त्यांच्या 'मारिएल्डा' या छोट्या मोसमात त्यांनी आधी 'द क्वाएट इयर' हा नकाशाचा खेळ माइकवरच खेळून शहर उभं केलं आणि मग त्याच शहरात 'ब्लेड्स इन द डार्क' या रोलप्ले खेळाचे नियम घेऊन पात्रं उतरवली. एकच गोष्ट ऐकायला वेळ असेल तर ही ऐका.

डी अँड डीच खेळायला हवं का?

नाही, आणि ऐकवायच्या खेळासाठी ते पहिलं घेऊच नये असं आमचं मत आहे. लढाई सुरू झाली की एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि श्रोत्याला आकडेमोड ऐकू येते. दुसरी अडचण वीस बाजूंच्या फाशाची. १५ चं आव्हान (फासा आणि भर मिळून निदान १५ हवेत) आणि हाती ५ ची भर असेल तर जमण्याची शक्यता ५५ टक्के. उरलेल्या ४५ टक्क्यांत बऱ्याचदा 'काहीच झालं नाही' एवढंच उत्तर येतं. टेबलावर ते खपून जातं, कानाला ती पोकळी लागते.

'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) पासून निघालेल्या खेळांत दोन साधे फासे टाकून बेरीज करतात. १० किंवा जास्त म्हणजे काम फत्ते. ७ ते ९ म्हणजे काम झालं, पण किंमत मोजून. ६ किंवा कमी म्हणजे जीएम डाव उलटवतो. काहीही भर नसताना ही शक्यता साधारण १७, ४२ आणि ४२ टक्के येते. १ ची भर असली तर २८, ४४, २८. म्हणजे १ ची भर असली की सगळ्यांत जास्त वेळा येणारं उत्तर 'हो, पण' असतं आणि प्रत्येक दानाला गोष्ट पुढे सरकते. उदाहरणार्थ:

जीएम : वेशीचं दार बंद आहे. पहारेकरी दिवटी खाली करून तुझा चेहरा बघतोय.
खेळाडू : मी म्हणते, सुईण आहे मी, आत बाळंतीण अडलीय, सोड.
(दान : ४ आणि ३, वर १. एकूण ८.)
जीएम : सोडतो. पण म्हणतो, 'चला, घरापर्यंत पोचवतो तुम्हाला.' आणि दिवटी घेऊन पुढे चालायला लागतो.

आता घर कुठलं दाखवायचं, हा पेच आपोआप पुढचा प्रसंग झाला.

पहिल्याच प्रयत्नासाठी जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' घ्या. नियम एका पानावर मावतात आणि ते पान फुकट आहे. प्रत्येक पात्राला २ ते ५ मधला एकच आकडा. डोक्याचं काम असेल तर फासा आकड्याच्या खाली पडायला हवा, मनाचं काम असेल तर वर. एक फासा हक्काचा, तयारी केली असेल तर आणखी एक, त्या कामात मुरलेला असाल तर तिसरा. एकही फासा जमला नाही तर घोळ; एक जमला तर कसंबसं निभावलं; दोन म्हणजे चांगलं; तीन म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. फासा नेमका आपल्या आकड्यावर थांबला तर तो जमला असं धरतात, शिवाय जीएमला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. हा शेवटचा नियम रेकॉर्डिंगमध्ये फार कामाला येतो, कारण लपलेली माहिती श्रोत्यासमोरच बाहेर येते.

जग आधी किती रचून ठेवावं?

बहुतेकांना वाटतं त्याच्या एक दशांश. जीएम दोन महिने खपून राजवंशांच्या याद्या, पंचांग आणि सात धर्म लिहून आणतो. पहिल्या भागात त्याची वीस मिनिटं वाचून दाखवतो. खेळाडू नुसते मान डोलावतात, कारण त्यात त्यांचं काही नाही. मग तिसऱ्या भागात कोणी ते मोडलं की जीएम हिरमुसतो.

सुरुवातीला पुरेल एवढं असं: एक वस्ती, तिथली एक टंचाई, एकमेकांशी न पटणारे तीन गट, आणि कोणालाच उत्तर माहीत नाही असे दोन प्रश्न. बाकी सगळं माइकवर, विचारून काढायचं. जीएमचं खरं काम वर्णन करण्यापेक्षा प्रश्न विचारण्याचं आहे. 'इथल्या देवळाबद्दल सांग' असा मोघम प्रश्न विचारलात तर खेळाडू गांगरतो. 'तू लहानपणी या देवळात यायला का घाबरायचीस?' असं विचारलं की उत्तर येतंच, आणि देऊळ, बालपण, भीती असं सगळं एका दमात उभं राहतं.

जे माइकवर बोललं गेलं आणि प्रसिद्ध झालं, तेवढंच खरं. जीएमच्या वहीत राहिलेलं अजून घडलेलंच नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

सगळ्यांनी मिळून रचायचं तर पद्धत काय? गप्पा मारून होत नाही का?

गप्पांत ज्याचा आवाज मोठा त्याचं जग होतं. म्हणून नियम असलेला खेळच घ्यावा. दोन चांगले आहेत.

बेन रॉबिन्स यांचा 'मायक्रोस्कोप' (२०११) इतिहास रचण्यासाठी. आधी संपूर्ण इतिहास एका वाक्यात ठरवतात. मग त्याची दोन टोकं, म्हणजे पहिला आणि शेवटचा कालखंड. त्यानंतर एकेकाने पाळीपाळीने यादीत भर घालायची: या जगात हमखास असेल अशी एक गोष्ट किंवा अजिबात नसेल अशी एक गोष्ट. 'जादू नाही', 'समुद्र ओलांडता येतो' वगैरे. मग पत्त्याएवढी कार्डं घेऊन कालखंड आडवे मांडत जायचे, त्यांच्याखाली घटना, घटनांच्या खाली प्रसंग. प्रत्येक कार्डावर तो काळ उजळ की काळा, याचं गोल चिन्ह. शेवट पहिल्यापासून माहीत असतो, त्यामुळे 'पुढे काय' विचारत बसावं लागत नाही. 'हे असं का झालं' एवढंच उरतं.

यातला सर्वांत महत्त्वाचा नियम लोक सर्रास मोडतात: ज्याची पाळी आहे त्याला कोणी काहीही सुचवायचं नाही. अडला तरी गप्प बसायचं. मित्रांच्या गटात हे जड जातं, पण याच नियमामुळे एरवी न बोलणाऱ्या माणसाच्या हातून एखादं साम्राज्य बुडतं.

'द क्वाएट इयर' हा एव्हरी आल्डर यांचा (२०१३), वस्ती रचण्यासाठी. दोन ते चार जण, एक मोठा कागद, पत्त्यांचा जोड, काही फासे आणि वीसेक मणी किंवा कवड्या. ५२ पत्ते म्हणजे ५२ आठवडे. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. पाळी आली की पत्ता उचलायचा, त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, चालू कामांचे फासे एकेकाने कमी करायचे आणि मग तीनपैकी एक गोष्ट करायची: काहीतरी नवं सापडलं म्हणून नकाशावर काढायचं, चर्चा घडवायची, किंवा नवं काम काढायचं. काम किती आठवड्यांचं, ते फाशावर १ ते ६ लावून ठेवतात. आपल्याला विचारलं नाही असं वाटलं तर मुकाट्याने एक मणी समोर घ्यायचा, तो रोष. इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच संपतो.

चर्चेत प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यं बोलायची असतात आणि निर्णय होतच नाही. कुठल्याही ग्रामसभेला बसलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

हे खेळ रेकॉर्ड करताना काय अडतं?

नकाशा श्रोत्याला दिसत नाही. 'इथे एक विहीर काढतो' याला काही अर्थ नाही. 'नदीच्या पलीकडे, स्मशानाच्या वरच्या अंगाला विहीर' असं बोलायची सवय लावा. रोषाचा मणी घेताना बोलायचं नसतं, म्हणून तो पितळी ताटलीत टाका. टण्ण आवाज आला की श्रोता समजतो.

पूर्ण जोडाला तीन-चार तास लागतात. प्रत्येक रंगातले चार-पाच पत्ते आधीच बाजूला काढले (इस्पिकचा राजा सोडून), तर दोन-अडीच तासांत आटोपतं आणि दोन भाग होतात.

जगातली नावं मराठी ठेवावीत का? कृत्रिम वाटतात.

कृत्रिम वाटतात कारण लोक पुराणातली जडजंबाल नावं घेतात. आपल्याकडे गावांना नाव पडायची स्वतःची रीत आहे, ती वापरा. एकाच नावाची दोन गावं असली की मोठं बुद्रुक आणि धाकटं खुर्द, मूळ गावापासून फुटलेली वाडी, डोंगरातला पाडा, बाजार भरायच्या वारावरून पेठ. नकाशावर नुसतं 'आंबवण खुर्द' लिहिलं की बुद्रुक कुठे गेलं, हा प्रश्न आपोआप तयार होतो. ते बुडालं असेल, रुसलं असेल, शत्रूकडे असेल.

पण मराठी वळणाचं गाव उभं केलंत की गावकूस येतं आणि गावकुसाबाहेर कोण राहतं हा प्रश्नही येतो. तो टाळायचा की खेळायचा, हे पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. न ठरवता गेलात तर कोणीतरी हसत हसत एक वाक्य बोलून जातं आणि ते एडिटिंगच्या वेळी सापडतं.

मराठीत खेळताना भाषेच्या कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात?

एक मोठी सोय आहे. पुरुष खेळाडू स्त्रीपात्र करत असेल तर 'मी दार उघडते' म्हटलं की पात्र बोलतंय आणि 'मी फासे टाकतो' म्हटलं की खेळाडू, हे क्रियापदावरूनच कळतं. हा फरक कटाक्षाने पाळा. जिथे खेळाडू आणि पात्राचं लिंग एकच आहे, तिथे पात्राचं नाव घेऊन बोला: 'गोंदा भिंतीवर चढतो'. वाक्य पात्राच्या तोंडचं असेल तरच 'मी'.

दुसरं, तू, तुम्ही आणि आपण. कोण कोणाला काय म्हणतो हे पहिल्या भागात ठरवून ठेवा. सहाव्या भागात सरदाराला कोणी एकदम 'अरे' म्हटलं तर न सांगता बंड झालेलं असतं. पण आधीचे पाच भाग नीट पाळलं असेल, तरच हे चालतं.

आणि बोली. राजा पुणेरी प्रमाण बोलतो, गडीमाणूस आणि विनोदी चोर तेवढे गावरान बोलतात, ही रंगभूमीवरून आलेली खोड मोडा. ज्याला मालवणी किंवा वऱ्हाडी घरातून येते त्याने राज्याचा प्रधान त्या बोलीत करावा. ज्याला येत नाही त्याने नक्कल करू नये. श्रोता दुसऱ्या वाक्याला ओळखतो.

'रोल कर', 'डॅमेज किती?' हे इंग्रजी शब्द बोलण्यात राहू द्या. टेबलावर लोक तसेच बोलतात.

'सेशन झीरो' म्हणजे काय? मित्रच तर आहेत, गरज काय?

मित्र आहेत म्हणूनच. अनोळखी माणूस उठून जातो, मित्र भीडेखातर सहन करतो. खेळाच्या आधी दीड-दोन तास बसून तीन गोष्टी ठरवायच्या: खेळ कसल्या बाजाचा, पात्रं एकमेकांना कशी ओळखतात, आणि कुठे जायचं नाही. शेवटच्यासाठी रॉन एडवर्ड्स यांची 'लाइन्स अँड व्हेल्स' ही पद्धत सोपी आहे. एका यादीत ज्या गोष्टी जगात नसतीलच त्या. दुसऱ्या यादीत ज्या घडतील, पण पडद्याआड. खेळताना काही अंगावर आलं तर जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं 'एक्स कार्ड': टेबलाच्या मध्यभागी फुली मारलेलं कार्ड, त्याला हात लावला की प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही.

पॉडकास्टला आणखी एक कलम जोडा: प्रसिद्ध होण्याआधी कोणालाही स्वतःचं वाक्य कापून मागता येईल. मागितलं की कापायचं. त्यासाठी कच्चा भाग निदान दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा.

कोण कधी काय बोललं हे लक्षात कसं ठेवायचं?

एक सामाईक तक्ता पुरतो. रकाने: नाव, काय आहे, कोणी आणलं, भाग, मिनिट, उच्चार, आणि 'अजून न ठरलेलं'. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी. पुढच्या भागाची तयारी म्हणजे त्यातल्या दोन ओळी उचलणं. तक्ता जीएमने भरू नये, एडिटिंग करणाऱ्याने भरावा. तो सगळं दोनदा ऐकतोच.

विसंगती निघाली तर आधी बघा की जगात दोघंही खरे असू शकतात का. एक पात्र खोटं बोललं असेल, दोन गावांत दोन समजुती असतील. ते जमत नसेल तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला एका वाक्यात दुरुस्ती सांगून मोकळे व्हा. जुना भाग बदलून परत चढवू नका; अर्ध्या लोकांनी आधीचा ऐकलेला असतो.

माइक कोणता आणि किती?

माणशी एक. टेबलाच्या मधोमध एक माइक ठेवून केलेलं रेकॉर्डिंग नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही, कारण सगळ्यांचे आवाज आणि खोलीचा घुमारा एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेला असतो.

घरच्या खोलीसाठी डायनॅमिक माइक घ्या, कंडेन्सर नको. कंडेन्सर जास्त संवेदनशील, तो शेजारच्यांचा टीव्हीही टिपतो. 'शुअर एसएम ५८' सारखा एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचा) माइक आणि चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) ही नेहमीची जोडी. यूएसबी माइक एकट्याला ठीक, पण एकाच कॉम्प्युटरला चार जोडले की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं आणि ट्रॅक सरकायला लागतात.

तोंडापासून माइक चार बोटं ते वीतभर, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ'ची फुंकर थेट बसत नाही. दोन माइकमधलं अंतर हे तोंड ते माइक अंतराच्या निदान तिप्पट. माइकची पाठ समोरच्या माणसाकडे. पातळी अशी लावा की नेहमीच्या बोलण्याला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. कोणी ओरडला तरी शून्याला टेकणार नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक ताशी सुमारे ५१८ एमबी घेतो. पाच माणसं तीन तास म्हणजे ७.८ जीबी. कार्ड भरून रेकॉर्डिंग थांबलेलं कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून आधी जागा बघा.

पैसे नसतील तर प्रत्येकाने आपापल्या फोनवर रेकॉर्ड करा, फोन एअरप्लेन मोडवर, छातीसमोर पुस्तकांच्या थप्पीवर. दिसायला गबाळं, पण मधोमध ठेवलेल्या एका महाग माइकपेक्षा कितीतरी बरं.

पंखा, कुकर, हॉर्न, पाऊस?

पंखा बंद. याला पर्याय नाही. पात्याची घरघर नॉइज रिडक्शनने काढायला गेलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. एप्रिल-मेमध्ये चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग, दहा मिनिटं पंखा असा क्रम ठेवा. इन्व्हर्टरवर गुणगुण येते, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि चार्जर काढा. कुकरची शिटी आली की बोलणं थांबवा आणि तेच वाक्य परत घ्या. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर त्या दिवशी घरी जा.

घुमारा कमी करायला भिंतीवर गोधड्या, खाली सतरंजी, काचेच्या कपाटावर जाड चादर. फासे चटईवर किंवा आत मऊ कापड लावलेल्या डब्यात टाका. पूर्ण आवाज मारू नका. दान पडल्याचा आवाज श्रोत्याला हवा असतो, माइक हादरायला नको एवढंच.

मित्र पुणे, लंडन आणि न्यू जर्सीत आहेत. जमेल?

जमेल. डिस्कॉर्ड या ॲपवर बोला, प्रत्येकाने हेडफोन लावा आणि प्रत्येकाने स्वतःचा आवाज स्वतःच्या मशीनवरही रेकॉर्ड करा. 'क्रेग' नावाचा बॉट प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक घेतो. तो पाठराखण म्हणून ठेवा आणि त्याच दिवशी उतरवून घ्या.

सुरुवातीला आणि शेवटी 'तीन, दोन, एक' म्हणून सगळ्यांनी एकदम टाळी वाजवा. पहिल्या टाळीवर ट्रॅक जुळवायचे. शेवटच्या टाळ्या जुळत नसतील तर तेवढी घड्याळं सरकली. तीन तासांत अर्ध्या सेकंदाचा फरक सहज पडतो. ट्रॅक तेवढा ताणून घ्या.

वेळ: भारतात शनिवारी रात्री ८ म्हणजे उन्हाळ्यात लंडनला दुपारी ३:३०, न्यू जर्सीत सकाळी १०:३०. हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास अलीकडे. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कोणीतरी हमखास तासभर चुकतो.

एडिटिंगमध्ये काय कापायचं?

नियमपुस्तक चाळणं, 'आता कोणाची पाळी?', जेवणाच्या गप्पा आणि तोच बेत तिसऱ्यांदा ठरवणं. बेत ठरवण्याचं पहिलं संभाषण ठेवा, बाकी उडवा. दान पडल्यानंतरची शांतता मात्र कापू नका. 'ट्रंकेट सायलेन्स' सारखी शांतता आपोआप कापणारी अवजारं आंधळेपणाने चालवली तर नेमकी तीच पहिली जाते.

तांत्रिक क्रम असा: ट्रॅक जुळवणे, जो बोलत नाही त्याचा ट्रॅक बंद करणे, ८० हर्ट्झखालचं काढणे, हलकं कॉम्प्रेशन (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणं), मग मिश्रण आणि सर्वांत शेवटी लाउडनेस. स्टीरिओला उणे १६ एलयूएफएस (हे लाउडनेसचं एकक), मोनोला उणे १९, शिखर उणे १ डेसिबलच्या आत. बोलण्याच्या कार्यक्रमाला ९६ केबीपीएस मोनो एमपी३ पुरते. तासाला ४३ एमबी. मुखचित्र चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल. ॲपलला त्याहून लहान चालत नाही.

पार्श्वसंगीत म्हणून सिनेमातलं गाणं पाच सेकंद चालतं ना?

नाही. पाच किंवा दहा सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. शिवाय गाण्यात शब्द-चालीचा हक्क एकाचा आणि ध्वनिमुद्रणाचा दुसऱ्याचा असतो. केव्हिन मॅक्लाउड यांचं बरंचसं संगीत क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशनखाली आहे. नाव आणि परवाना वर्णनात लिहिला की झालं. परवान्यात 'नॉन-कमर्शियल' असेल तर जाहिरात किंवा वर्गणी घेणाऱ्या पॉडकास्टने ते टाळावं. मंडळात कोणी पेटी किंवा एकतारी वाजवत असेल तर हा प्रश्नच मिटतो.

डी अँड डी खेळून प्रसिद्ध करायला परवानगी लागते का?

खेळ फुकट ऐकवत असाल तर प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टचं चाहत्यांसाठीचं धोरण आहे. त्यात 'हे अधिकृत नाही' असं लिहावं लागतं आणि ऐकण्यासाठी पैसे आकारता येत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी मूळ नियमांचा संदर्भग्रंथ ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला, त्यामुळे त्या नियमांवर स्वतःचं पुस्तकही काढता येतं. पण 'फरगॉटन रेल्म्स' हे जग आणि त्यातली माणसं त्यात येत नाहीत. पुढेमागे काही विकायचं मनात असेल तर पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जगात खेळा.

चौघांनी मिळून रचलेलं जग कोणाचं?

भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे (१९५७) ज्यात कोणाचा वाटा कुठे संपतो हे वेगळं काढता येत नाही, ते काम सगळ्यांचं संयुक्त. म्हणजे उद्या एकाला त्या जगावर कादंबरी लिहायची तर भांडणाला जागा आहे. म्हणून एक पानी करार करा: पात्र ज्याचं त्याचं, जग सगळ्यांचं, त्यावर कोणीही लिहावं, पण बाकीच्यांना कळवून आणि श्रेय देऊन, आवाजाचं रेकॉर्डिंग पॉडकास्टचं. हक्क सोपवायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशी हवेत. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे दोन तपशील विसरणारे फार.

किती भाग हातात ठेवून सुरू करावं? आणि मध्येच कोणी सोडून गेलं तर?

चार भाग एडिट होऊन तयार असल्याशिवाय पहिला चढवू नका. मोसम आठ ते बारा भागांचा ठेवा. एका बैठकीत तीन तास खेळलात तर साधारण दोन भाग निघतात, म्हणजे महिन्याला दोन बैठका पुरतात. पाच जणांपैकी एक नसेल तरी खेळ होईल असा नियम करा. दोन नसतील तर त्या दिवशी मायक्रोस्कोपची दोन-चार कार्डं मांडून जुना इतिहास खेळा, तोही एक भाग होतो.

कोणी कायमचं जात असेल तर त्याच्या पात्राचं काय करायचं हे त्यालाच विचारा आणि शक्य असेल तर अर्ध्या तासाचा शेवटचा प्रसंग त्याच्यासोबत रेकॉर्ड करून घ्या. पात्र जीएमच्या हाती द्यायचं असेल तर त्याची संमती करारात लिहून ठेवा. तो तयार नसेल तर पात्र गाव सोडून गेलं आणि कुठे गेलं हे कोणाला माहीत नाही, असं तक्त्यातल्या 'अजून न ठरलेलं' या रकान्यात टाका.